एका दमात

जत्रेतल्या कबड्डीचा अंतिम सामना रंगात आला होता आणि पंच हेमलताबाई घरत यांनी नेमकं यजमान गावाच्याच खेळाडूला बाद दिलं. चढाईवरून परतताना मध्यरेषेआधीच त्याचा दम तुटला होता. झालं! प्रशिक्षक तांडेल सर तरातरा मैदानात घुसले. गावात त्यांच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या मागोमाग लोकही दोरी ओलांडू लागले.

"ओ पंचबाई, पोराचा दम तुटलाच नाही! निर्णय फिरवा, नाहीतर इथून घरी कशा जाता तेच बघतो!"

बाईंनी हात वर केला. "तक्रार ऐकते, सर. पण मैदान कबड्डीचं आहे, तेव्हा एका दमात सांगा."

"त्यात काय!" म्हणत सर सुटले. अन्याय झाला, पक्षपात झाला, वर कळवतो... मध्येच त्यांनी भस्सकन श्वास घेतला आणि पुन्हा तोंडाचा पट्टा सुरू केला.

"सर, तुमचा दम तुटला."

"कुठे तुटला? एका दमातच बोलतोय मी!"

सगळं मैदान खो खो हसत सुटलं. दोरी ओलांडून आलेलेही हसतच मागे सरले.

बाईंचा आवाज अजून कापत होता. "ज्याचा तुटतो त्याला कळत नाही, सर. म्हणून तर पंच ठेवतात."