कातडे न पांघरलेले पिलू

पूर्वी एका डोंगराळ मुलखावर दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मेंढपाळांच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव सुजात. आईबाप लवकर गेल्याने तो चुलत्याकडे, रोहकाकडे वाढला.

त्या साली लांडग्याने कळप जेरीस आणला होता आणि राखणीला कुत्रा नव्हता. आधीचा कुत्रा मोठा होताच मेंढ्यांनाच फाडू लागला, म्हणून रोहकाने त्याला स्वतःच्या हाताने मारले होते. आता वरच्या घाटातून थोराड जातीचे एक पिलू आणले होते. त्याची आई मेली होती. डोळे नुकते उघडले होते. असे पिलू मेंढीच्या दुधावर वाढवले की ते कळपालाच आपले घर मानते, असा मेंढपाळांचा अनुभव होता.

धवली नावाच्या मेंढीचे कोकरू आदल्या दिवशीच लांडग्याने मारले होते. रोहकाने त्याचे कातडे सोलून आणले.

“हे पिलाच्या पाठीवर बांध. लेकराचा वास आला की पाजते ती.”

“आणि कातडं कुजून गळून पडलं की?”

“तोवर पिलू तगतं.”

“काका, मागच्या वेळी कातडं गळालं आणि मेंढीनं त्याच दिवशी पिलाला ढुशा मारून हाकललं. जिला तो कुत्रा आई समजला तीच उलटली. मग तो मेंढ्यांवर उलटला, यात नवल काय?”

रोहक चिडला. “मग तू कसा पाजणार, शहाण्या?”

“तिला न फसवता.”

“मावळतीपर्यंत थांबतो. मग मी बांधणार. आणि पिलू मेलं, तर लांडग्याला अडवायला तूच उभा राहा.”

सुजात पिलाला घेऊन जाळीच्या कुंपणात शिरला. धवलीला कुत्र्याचा वास येताच ती खुर आपटू लागली आणि धावून आली. सुजातने पाठ पुढे केली. ढुशी बरगडीवर बसली. हातात काठी नव्हती, त्याने ती मुद्दामच बाहेर ठेवली होती.

“सुजात, तू पण कोकरू झालास की काय रे?” काकू कुंपणाबाहेरून हसत म्हणाली, पण पुढच्या धडकेला तिचे हसू थांबले.

ऊन कलले. पिलाचे केकाटणे क्षीण होत गेले. दूर लांडगा ओरडला तशी धवली अधिकच बिथरली. तिची कास तटतटली होती आणि दूध आपोआप मातीत ठिबकत होते.

त्या वासाने पिलू सुजातच्या मांडीवरून उतरले आणि सरपटत तिच्याकडे निघाले.

“धर त्याला!” रोहक ओरडला. “मारेल ती!”

सुजातचा हात पुढे झाला. धरले, तर पिलू भीतीच शिकणार होते. न धरले, तर कदाचित ते जगणारच नव्हते. त्याने हात मागे घेतला.

धवलीने मान खाली घातली आणि ती दोन पावले मागे सरली. पिलू ओली माती चाटत तिच्या पुढच्या पायांशी पोचले आणि तिथेच थरथरत पडून राहिले. धवलीने त्याला हुंगले. कान हुंगले, शेपूट हुंगले, दुधाने माखलेले तोंड हुंगले. ते आपले कोकरू नाही, हे तिला कळले. पुन्हा हुंगले, तरी तेच कळले.

मग ती वळून उभी राहिली आणि तिने त्याला कास दिली.

रोहक कातडे हातात धरून कुंपणाशी उभा होता. त्याने ते खाली टाकले.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, “त्या वेळचा रोहक म्हणजे आजचे ज्येष्ठ भिक्षू, स्थविर भद्रक. धवली म्हणजे आपले मूल गमावून परक्यांची मुले वाढवणारी ही उपासिका सुमुखी. पिलू म्हणजे हा नवा भिक्षू, ज्याच्या शेजारी आज परका म्हणून कोणी बसायला तयार नव्हते. आणि सुजात मीच होतो. परक्याला आपला करायचा असेल, तर तो परका आहे हे लपवू नका. ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय.”

तेव्हा भद्रक उठले आणि त्या नव्या भिक्षूच्या शेजारी जाऊन बसले.