बांधाचं भगदाड

फार फार वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडच्या मुलखात, एका ओढ्याकाठी एक शिकारी बायकोसह राहत होता. त्याच्याकडे दोन गाई होत्या.

ओढ्यात बीव्हर राहत. मांजरापेक्षा मोठा, चपट्या शेपटीचा हा प्राणी. दातांनी झाडं पाडायची, फांद्या-चिखलाचा बांध घालायचा आणि साठलेल्या पाण्यात घर करायचं, हा त्याचा पिढीजात उद्योग. त्या पाण्यामुळे काठचं कुरण ऐन उन्हाळ्यातही हिरवं असे. गाई तिथेच चरत, पण शिकाऱ्याच्या डोक्यात हे कधी शिरलं नाही.

दूरच्या शहरांत बीव्हरच्या केसांच्या टोप्यांचं वेड पसरलं. शिकाऱ्याला या जनावराचा स्वभाव पक्का ठाऊक होता. बांध फुटला की ते सगळं सोडून डागडुजीला धावतं. म्हणून तो बांधाला भगदाड पाडी, तिथेच पाण्यात सापळा लावी आणि झुडपाआड बसून राही. बिचारं आळशी असतं, तर वाचलं असतं.

अखेर एक म्हातारी मादी तेवढी उरली. भगदाडापाशी येऊन ती म्हणाली, "बाबा, सापळा दिसतोय मला. पण पाणी वाहून चाललंय. तू बुजवणार असशील तर मी मागे फिरते."

"मी कशाला बुजवू?" शिकारी म्हणाला. "ओढ्याचं काय तुझ्यावाचून अडलंय?"

म्हातारीने फांदी उचलली आणि पुढे पाऊल टाकलं.

तिच्याही केसांची टोपी झाली. पुढच्या पुरात बांध गेला, तळं रिकामं झालं. उन्हाळ्यात कुरण करपलं आणि एक गाय मेली.

"अहो, बांध घाला की," बायको म्हणाली. "एवढ्याशा जनावराला जमत होतं ते."

त्याने ओंडके लावले, दगड रचले, चिखल लिंपला. तीनदा बांध घातला, तीनदा पाण्याने नेला. एक दिवस दुर्लक्ष झालं की फट पडे आणि फटीचं भगदाड होई. दुसरी गायही गेली, तेव्हा बायकोने गाठोडं बांधलं.

"चला आता," ती म्हणाली.

तो उठला, पण त्याच जुन्या झुडपाआड जाऊन बसला. या वेळी त्याने सापळा आणला नव्हता. दिवस मावळेपर्यंत तो भगदाडाकडे बघत राहिला. बुजवायला कोणीही आलं नाही.

तात्पर्य: ज्याच्या कष्टांवर आपलं घर उभं असतं, त्याच्या कष्टांचाच जो फास करतो, तो आपलंच घर उजाड करतो.