चाड्याची दुसरी खाच

अवजारं एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. खोचऱ्यांच्या शेतात पेरणीची एक तिफण होती. तिच्या माथ्यावर बी सोडायचं लाकडी चाडं होतं. दोन पिढ्यांच्या बायकांची मूठ टेकून चाड्याच्या उजव्या काठाला गुळगुळीत खाच पडली होती, आणि त्या खाचेचा चाड्याला भारी तोरा.

त्या साली नवी सून सगुणा पेरायला आली आणि तिनं चक्क डावी मूठ टेकवली.

"डावखुरी!" चाडं किंचाळलं. "आता बी वेडंवाकडं पडणार. पिढ्यांचं रान वाया गेलं!"

"गप रे, आधी बघ तरी," खालून माती चिरणारा तिफणीचा फण गुरगुरला.

सासूही धावत आली. "सूनबाई, उजवा हात लाव!"

"पण आत्याबाई, इथं हात कसा नेमका बसतोय."

सासूनं वाकून डाव्या काठावरची वाळलेली माती पुसली. खाली दुसरी खाच होती, पहिलीपेक्षा जुनी.

"अगं बया! ही तर माझ्या आजेसासूची. तीबी डावखुरीच. माळ फोडून हे रान पहिल्यांदा तिनंच पेरलं."

सगुणेनं मूठ सैल केली. चाड्याचा जीव भांड्यात पडला, आणि बी सरळ मातीत.