सुतळीची गाठ

कासारवाडीच्या दूध संस्थेचे चेअरमन दत्ताजीराव दर सभेत छातीवर हात ठेवून सांगायचे, "संस्थेचे मालक तुम्ही, मी नुसता सेवक!" पण डेअरीतल्या, दुधाचा भाव ठरवणाऱ्या फॅट मशीनचं तोंड मात्र भिंतीकडं. आतला माणूस सांगेल तो आकडा खरा.

यंदाच्या सभेत रोज दूध घालणारी अनुसाक्का उठली आणि म्हणाली, "मशीन आमच्याकडं फिरवा."

दत्ताजीराव हसले. "अक्का, एवढा अविश्वास? आमच्या शब्दावर चला की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीपुढं साठ सभासद रांगेत उभे. प्रत्येकाच्या किटलीचं झाकण सुतळीनं आवळून बांधलेलं. दूध न्यायला आलेला टँकरवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. दत्ताजीराव धावत आले.

"झाकणं काढा, दूध तपासायचंय!"

"घरी तपासलंय," अनुसाक्का म्हणाली. "फॅट नऊ. लिहून घ्या."

"न बघता? असं कुठं चालतं व्हय?"

"मालकांनी न बघता रोज चालतंय. मग सेवकालाच बघायची एवढी हौस कशाला?"

रांगेत हशा पिकला. दत्ताजीरावांनी आत जाऊन स्वतःच्या हातानं मशीन फिरवलं.

अनुसाक्कानं आकडा नीट दिसतोय का ते वाकून पाहिलं, आणि मगच सुतळीची गाठ सोडली.