धुरपा सोनवळला का राहिली

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा सोनवळला पक्की वाट नव्हती, नदीवर पूल नव्हता, पण गाणं होतं. घरटी एक तरी डफ, एक तरी तुणतुणं. ढोलकी मढवणाऱ्यांची एक आख्खी आळी. चार मुलखांतून माणसं बैलगाड्या जुंपून इथं गाणं ऐकायला यायची. आणि अशा या गावात धुरपा बुरडीण, गाणी रचणारी बाई, कायमची राहायला आली. का आली? तर म्हणे तिला इथल्या संगीताची ओढ लागली, इथलं पाणी गळ्याला मानवलं, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या जिभेला काही हाड? ती ओढीनं नाही आली. ती संतापानं आली आणि संतापानंच राहिली. नीट ऐका.

धुरपा खिराडची. बुरडाची लेक, बांबू सोलून सुपं विणायची. सूप विणून झालं की पालथं घालून त्यावर बोटांनी ठेका धरायची आणि गाणं रचायची. तिला एकच बहीण, सगुणा. एका वर्षी मोठा दुष्काळ पडला. खिराडच्या आडाला पाणी होतं, चांगलं पुरुषभर होतं, पण बुरडांनी दोराला हात लावायचा नाही असा गावाचा हुकूम. वरून कुणी ओंजळभर ओतलं तर प्यायचं, नाही तर नाही. त्या उन्हाळ्यात वरून कुणी ओतलं नाही. सगुणा ज्वरानं फणफणलेली, आडाच्या काठाशी बसून पाणी पाणी करत गेली. आडात पाणी दिसत होतं हो! अशा गावाला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा, माझ्या तोंडी शिवी येते.

धुरपा रडली नाही, असं म्हणतात. तिनं गाणं केलं.

आड भरला काठोकाठ, दोर कुणाच्या हाती गं?
तहानेनं गेली सगुणा, कुणी केली माती गं?

आणि शेवटच्या कडव्यात, जशी रीत आहे तशी, करणारीची छाप घातली: ‘धुरपा म्हणे, नाव घ्या गं, सगुणा माझी पाठची.’ छाप म्हणजे गाणं कुणी केलं त्याचं नाव. गरिबाला दुसरं काय असतं? शेत नाही, घर नाही. केलेल्या गाण्यात नाव असतं, तेवढंच.

गाण्याला पाय फुटले. या गावाहून त्या गावाला गेलं. आणि एका बाजारात धुरपा सुपं विकत बसलेली असताना तिच्या कानावर तेच गाणं आलं. सोनवळचा राणोजी फडकरी आपला फड घेऊन आला होता. फड मोठा, फेटा त्याहून मोठा. डोळे मिटून, मान वेळावून गात होता:

तहानेनं गेली साजणी...

साजणी! सगुणाची साजणी केली मेल्यानं. पाण्याची तहान काढली आणि प्रेमाची घातली. लोक माना डोलावतायत, शिट्ट्या मारतायत. आणि शेवटी छाप कुणाची? ‘राणोजी म्हणे.’ धुरपाच्या हातातलं सूप जागच्या जागी मोडलं.

ती सरळ सोनवळला निघाली. पोचली त्या दिवशी देवीची जत्रा होती, भर दुपारी पारासमोर फड उभा होता. राणोजीनं तेच गाणं काढलं. शेवटचं कडवं आलं तशी धुरपा गर्दीतून पुढं घुसली आणि ओरडली, “कुणाचं हे?”

राणोजी हसला. “गाणं गाणाराचं असतं, बाई. वाऱ्यावर आलं, मी धरलं.”

“ते माझ्या भणीचं मढं हाय. तू त्याला पैंजण बांधून नाचवतोयस!”

“हिला कुणी आवरा रे,” राणोजी म्हणाला. लोक हसले. सगळे हसले, हे लक्षात ठेवा. सोनवळच्या माणसांना गाणं कुणाचं आहे हे बरं ठाऊक होतं. खिराडहून येणारे-जाणारे सांगत होते. पण गोड लागतंय ना, मग कशाला चौकशी!

धुरपानं खांद्यावरचं सूप काढलं, पालथं घातलं आणि त्यावर थाप मारली. म्हणाली, “माणसं ऐकत न्हाईत, तर गाण्यालाच सांगते. ज्याच्या त्याच्या घरी जावा रं!”

आणि गाणी गेली, असं म्हणतात. राणोजीनं तोंड उघडलं, आवाज नाही. ढोलकीचं कातडं भिजल्यासारखं सैल पडलं. तुणतुण्याची तार तुटली. बरं, एकटं धुरपाचंच गाणं गेलं का? छे! ज्या ज्या गाण्यातली छाप खरवडून दुसऱ्याची घातली होती ती सगळी उठली आणि चालती झाली. तेव्हा कळलं, की या नामांकित गावात आपलं म्हणावं असं गाणं जवळपास नव्हतंच! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. राहिल्या फक्त अंगाया, कारण पोर निजवताना कुणी आपली छाप घालत नाही.

गाव मुकं झालं. गाड्या यायच्या बंद झाल्या, ढोलकीवाल्यांच्या चुली थंडावल्या. मग आली अक्कल. पाटील साडीचोळी घेऊन धुरपापुढं गेला. “बाई, तुझं देऊळ बांधतो. पण गाणी सोड आणि आपल्या गावाला जा.”

“देऊळ बांधून माझं तोंड बंद करता व्हय? जिथनं माझ्या भणीचं नाव काढलंय तिथं घाला.”

एवढंच मागितलं तिनं. एक नाव. पण राणोजीला ते जड गेलं. बुरडिणीचं नाव मी पारावर घेऊ? बायको म्हणाली, “घ्या हो, पोरं उपाशी आहेत.” नाही. भावकीनंही तेच सांगितलं. नाही. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. एक आख्खं वर्ष हा माणूस मुका बसला, आणि गावानं त्याच्यासोबत उपास काढले. धुरपा पाराजवळ झोपडी बांधून सुपं विणत राहिली.

पुढच्या जत्रेला राणोजी उठला. फेटा नव्हता. पारावर उभा राहिला आणि तोंड उघडलं. “तहानेनं गेली...” आणि थांबला. सगळं गाव त्याच्या ओठांकडं बघत होतं.

“...सगुणा,” तो म्हणाला.

त्याबरोबर सैल पडलेली ढोलकी आपोआप चढली, असं म्हणतात. गाण्याचा सूर परत आला, पण पहिल्यासारखा गोड नाही, फाटलेला. तसाच त्यानं शेवटपर्यंत म्हटलं, धुरपाच्या छापेसकट. टाळी एकानंही वाजवली नाही. कारण गाणं कशाचं आहे ते गावाला तेव्हा समजलं. आणि सोनवळच्या आडावरही बुरडांना दोर धरायची बंदी होती. पाराच्या मागंच तो आड. लोक खाली बघत बसले. मग बायका उठल्या. पुरुष नाहीत, बायका. त्यांनी आडाचा दोर आणला आणि धुरपाच्या हातात दिला. तिनं पाणी शेंदलं आणि आधी सगुणाच्या नावानं जमिनीवर ओतलं.

पाटील म्हणाला, “झालं ना मनासारखं? आता सुखानं गावी जा.”

“जात न्हाई,” धुरपा म्हणाली. “मी पाठ फिरवली की पुन्हा साजणी हुईल. वळखते मी तुमास्नी.”

म्हणून ती राहिली. समजलं? संगीतासाठी नाही, आमच्यावर नजर ठेवायला. मरेपर्यंत पाराशेजारी बसून तिनं गाणी केली, एकाहून एक झणझणीत, आणि खऱ्या छापेनिशी परतलेली दुसऱ्यांची राखली.

आजही सोनवळला कुठलंही गाणं शेवटच्या कडव्याला आलं की ढोलकी थांबते. गर्दीतली एखादी बाई सूप वाजवते आणि सगळे मिळून विचारतात, “कुणाचं?” गाणाऱ्यानं करणाऱ्याचं नाव सांगायचं, मगच पुढं जायचं. मोठा असो, धाकटा असो, धुरपाची आण आहे.

परवाच्या जत्रेला शहरातला एक मोठा गवई आला होता. भोंगे काय, दिवे काय! गाणंही सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. शेवटच्या कडव्याला सूप वाजलं. “कुणाचं?” तो म्हणाला, “पारंपरिक आहे.” आम्ही म्हटलं, “पारंपरिक ही कुणाची लेक?” तो हसला. आम्ही हसलो नाही. सामान आवरून गेला बिचारा.

ते गाणं पारावर तसंच अर्धं राहिलंय. करणारी कोण होती ते कुणाला ठाऊक असेल तर येऊन सांगा. शेवटचं कडवं ऐकायचंय आम्हाला.