साहेबांच्या टॉवेलाची घडी

विषय : डॉक्टरसाहेबांच्या खुर्चीवरील टॉवेलाची घडी उघडण्याबाबत.

उपरोक्त विषयी निवेदन की, वस्तू बोलत असत त्या काळी एका दवाखान्यात जंतू मारणारा अतिनील दिवा होता. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली की तो पेटे आणि दार उघडताच विझे, कारण त्याचा उजेड माणसांनाही बाधे. उजेड पडेल तिथले जंतू मरत. घडीच्या आत मात्र त्याचे काही चालत नसे.

एके दिवशी एकाचे गळू फोडून साहेबांनी टॉवेलाला हात पुसले, ओली बाजू आत घालून त्याची नीट घडी खुर्चीवर ठेवली आणि ते जेवायला गेले. दिवा पेटला. बाहेर बाकावर आईच्या मांडीवर एक तान्हे बाळ थांबले होते.

"टॉवेलराव, जरा घडी उघडा. आत जंतू आहेत," दिवा म्हणाला.

"मी साहेबांचा टॉवेल आहे, मोरीतला पंचा नव्हे. अर्ज करा, खुर्चीमार्फत."

दिव्याने तिथेच तोंडी अर्ज केला.

"माझी हरकत नाही," खुर्ची म्हणाली, "पण टॉवेलाचा अभिप्राय लागेल."

दाराबाहेर चपला वाजल्या.

"अहो, बाळ आले."

"कार्यवाही सुरू आहे," टॉवेल म्हणाला.

दार उघडले, दिवा विझला. साहेबांनी हात स्वच्छ धुतले, सवयीने टॉवेलाची घडी उघडून आतल्या बाजूला पुसले आणि बाळाला उचलून घेतले.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.