कुंपणापलीकडे टाकलेला धोतरा

नदीच्या वळणावर एक लहानसं गाव होतं. त्या गावात सदोबा नावाचा एक शिंपी राहायचा. हाताने कसबी, बोलायला गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आजचं काम उद्यावर टाकायची त्याला भारी सवय. घरात बायको सगुणा आणि सहा वर्षांची मुलगी बकुळा. घरामागे छोटीशी परसबाग होती. चार वांगी, दोन मिरच्या, मांडवावर चढवलेला दुधीभोपळा.

परसबागेला लागून निवडुंगाचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे आवडामावशीची वाडी. मावशीला ना मूल ना बाळ. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. माठ, मेथी, अंबाडी लावायची, जुड्या बांधून बाजारात बसायची, त्यावरच तिचं चालायचं. तिच्या वाफ्यात तण म्हणून दिसायचं नाही. रोज सकाळी उकिडवी बसून खुरप्याने एकेक काडी काढायची. दर सोमवारी माठाची एक जुडी बकुळासाठी राखून ठेवायची आणि कुंपणावरून हाक मारायची, "बकुळे, तुझा माठ घेऊन जा गं!"

एका पावसाळ्यात सदोबाच्या परसात, शेणखताच्या ढिगाशेजारी धोतरा उगवला. पाच-सहाच रोपं होती. मावशीने कुंपणावरून पाहिलं.

"सदोबा, तो धोतरा आत्ताच उपट बाबा. माती ओली आहे, मुळासकट येईल."

"उपटतो मावशी. हातातलं एवढं शिवून होऊ दे."

पंधरा दिवसांनी रोपं गुडघ्याएवढी झाली. मावशी पुन्हा म्हणाली, "फूल यायच्या आत काढ. एका बोंडात शेकड्याने बी असतं. एकदा सांडलं की वर्षानुवर्षं उगवत राहतं."

"असू दे की," सदोबा हसला. "महादेवाला वाहायला फुलं होतील."

पांढरी फुलं आली, गळली. त्यांच्या जागी काटेरी बोंडं धरली, हिरवी होती ती तपकिरी होऊ लागली. दसरा तोंडावर आला होता आणि सदोबाकडे कपड्यांचा ढीग पडला होता.

एके दुपारी सगुणा मागच्या दारी गेली तर बकुळा हातात बोंड घेऊन बसलेली. तिने पोरीच्या हातावर चापट मारली, बोंड फेकून दिलं आणि घरात येऊन ओरडली, "अहो, ते विष आजच्या आज काढा! पोरगी उद्या तोंडात घालेल."

सदोबा सुई टोचून ठेवून उठला. माती आता कडक झाली होती. रोपं ओढली तर मुळं सुटेनात. त्याने कोयता आणला आणि बुंध्यातून सपासप तोडली. आता याचं करायचं काय? ओलं होतं, जळणार नाही. वाळवायचं तर चार दिवस राखत बसायला हवं. पुरायचं तर खड्डा खणायला हवा. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मावशी बाजारात गेली होती. त्याने तो सगळा भारा, बोंडांसकट, कुंपणावरून तिच्या वाडीच्या कोपऱ्यात भिरकावला आणि हात झटकून पुन्हा शिवायला बसला.

भारा तिथे निवडुंगाआड वाळला. बोंडं तडकली. बी मातीत गेलं, पावसाच्या पाण्याबरोबर वाफ्यांत पसरलं.

पुढच्या पावसाळ्यात मावशीच्या वाफ्यात माठाबरोबर धोतरा उगवला. एक नाही, दोन नाही, मुठीने पेरावा तसा. मावशी चक्रावून गेली. ती सकाळी बसायची ती उन्हं चढेपर्यंत उपटत राहायची. पण तिच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू झाला होता. कोवळेपणी माठाचं पान कुठलं आणि धोतऱ्याचं कुठलं, हे तिला बोटाने चाचपून आणि वास घेऊन ओळखावं लागे.

ती कुंपणापाशी आली. "सदोबा, माझ्याकडे धोतरा कुठून आला रे?"

सदोबाचा दोरा सुईच्या नाकातून निसटला. "पाखरांनी आणला असेल मावशी."

"असेल. दोन दिवस जरा हात लाव ना माझ्याबरोबर. मला नीट दिसत नाही."

"येतो. एवढी बंडी झाली की येतो."

तो गेला नाही. तिथे गेलं की तो कोपरा दिसेल, वाळक्या काटक्या दिसतील, आणि मावशी काहीतरी विचारेल, याची त्याला धास्ती होती.

सोमवारी मावशीने हाक मारली. बकुळा धावत जाऊन माठाची जुडी घेऊन आली. सगुणाला उपास होता आणि सदोबा माप घ्यायला पाटलांकडे गेला होता. दुपारी बकुळा एकटीच जेवली. भाजी फार झाली म्हणून सगुणाने उरलेली कढईत झाकून ठेवली.

तासाभरात पोरीचं तोंड कोरडं पडलं. चेहरा लालबुंद झाला. डोळ्यांची बुबुळं एवढी मोठी झाली की डोळे नुसते काळे दिसू लागले. ती भिंतीकडे पाहून हसू लागली, आईला ओळखेना. वैद्यबुवा आले. त्यांनी डोळे पाहिले, नाडी पाहिली आणि म्हणाले, "धोतरा पोटात गेलाय." त्यांनी तिला ओकारी काढायला लावलं, दूध पाजलं, रात्रभर उशाशी बसले. उजाडता उजाडता पोरीने "आई" म्हणून हाक मारली, तेव्हा कुठे सगुणा रडली.

तोवर गावभर झालं होतं. सकाळी चावडीवर माणसं जमली. आवडामावशीला बोलावून आणलं. ती हातातलं खुरपं तसंच घेऊन आली होती.

पाटील म्हणाले, "मावशी, पोरीला धोतरा कुठून मिळाला? भाजी तुझी होती."

"माझ्या वाफ्यात धोतरा उगवला, हे खरं आहे," मावशी म्हणाली. "पण मी एकेक रोप उपटलंय. जुडी बांधताना पान न् पान चाचपून बघितलंय. त्या लेकराला मी विष देईन का?"

गर्दीतून कुणीतरी बोललं, "इतकी वर्षं नव्हता तो एकाएकी उगवला कसा? लावल्याशिवाय?"

"तिला स्वतःला मूल नाही. दुसऱ्याचं बघवत नसेल," दुसरं कुणीतरी म्हणालं.

मावशीने आवाजाच्या दिशेने मान वळवली, पण बोलणाऱ्याचं तोंड तिला दिसलं नाही. मग ती सदोबाकडे वळली. "सदोबा, मागच्या साली तुझ्या परसात होता ना धोतरा? त्याचं काय केलंस तू?"

सगळे सदोबाकडे पाहू लागले. खरं सांगावं तर पोटच्या पोरीला आपणच मारायला निघालो होतो, असं होईल. सगुणा काय म्हणेल? गाव काय म्हणेल?

"जाळला," तो म्हणाला. "मुळासकट उपटून जाळला."

मावशी म्हणाली, "तर मग मला ठाऊक नाही तो कुठून आला. पण मी दिली ती भाजी स्वच्छ होती. उरली असेल तर आणा. मी खाते तुमच्यासमोर."

पाटील घुटमळले. पण लोक म्हणाले, "खाऊ दे. खरं-खोटं कळेल." पाटलांनी सदोबाला सांगितलं, "जा, कढई घेऊन ये."

चावडीपासून सदोबाचं घर हाकेच्या अंतरावर होतं. त्या दिवशी ते अंतर त्याला संपता संपेना. त्याने झाकण काढलं. शिजलेल्या पाल्यात काही ओळखू येत नव्हतं. परत येताना वाटेत उकिरडा लागला. कढई नुसती कलती केली असती तरी भागलं असतं. पाय अडखळला म्हणायचं, सांडली म्हणायचं. तो तिथे थांबलासुद्धा. पण मग मनात आलं, सांडली तर लोकांना संशय येईल. आणि पोरगी वाचली, मग मोठं माणूस का नाही वाचणार? होईल थोडा त्रास, उतरेल.

त्याने कढई चावडीवर आणून ठेवली.

मावशीने भाजी हाताने खाल्ली, कढई पुसून घेतली. "झालं समाधान?" म्हणाली आणि खुरपं उचलून घरी गेली. तिच्या मागून कुणी गेलं नाही. वैद्यबुवा रात्रभराच्या जागरणानंतर पलीकडच्या गावी दुसऱ्या आजाऱ्याकडे गेले होते.

दुपार कलली तेव्हा कुंपणापलीकडून सदोबाला मावशीचं बोलणं ऐकू आलं. ती वीस वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याशी बोलत होती. सदोबा सुई टाकून धावला. वैद्यबुवांना आणायला त्याने एकाला पिटाळलं आणि मावशीच्या अंथरुणाशी बसला. तिचं अंग तापलेलं होतं, डोळे काळेभोर झाले होते. ती गोधडीवर वाकून चिमटीने काहीतरी उपटत होती आणि बाजूला टाकत होती. पुन्हा उपटत होती, पुन्हा टाकत होती.

"मावशी," सदोबा तिचे हात धरून म्हणाला, "मी टाकला होता गं धोतरा. मी कुंपणावरून टाकला. मी खोटं बोललो."

तिने हात सोडवून घेतले. "सरक बाजूला," ती म्हणाली. "हे बघ, अजून एक राहिलं."

वैद्यबुवा पोचले तेव्हा दिवस मावळला होता आणि मावशी गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिला पोचवून आल्यावर सदोबा चावडीवर उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. आदल्या दिवशी 'खाऊ दे' म्हणणारे खाली बघत राहिले. पाटील म्हणाले, "त्या वाडीत जोवर धोतऱ्याचं एक जरी रोप उगवतंय, तोवर ती साफ करणं तुझ्याकडे. पीक मात्र तुझं नाही."

पहिल्या वर्षी सदोबाने कोयता चालवला. बुंधे पुन्हा फुटले. दुसऱ्या वर्षी त्याने कुदळीने सगळी वाडी खोल खणली, तर खाली दडलेलं बी वर आलं आणि दुप्पट रोपं उगवली. मग तो मावशी बसायची तसा उकिडवा बसू लागला. पाऊस पडून गेला की ओल्या मातीत खुरपं तिरकं घालायचं, रोप बुडाशी धरायचं, मुळासकट काढायचं. दोन पानांवर असतानाच काढायचं, फुलावर येऊ द्यायचं नाही. मोकळ्या जमिनीवर वाळक्या गवताचा जाड थर द्यायचा, म्हणजे बियाला ऊन लागत नाही. एखादं बोंड नजरेतून सुटलंच तर ते ओंजळीत झेलून घ्यायचं आणि चुलीत घालायचं.

सात वर्षं धोतरा उगवत राहिला, दरवर्षी थोडा कमी. सगुणा घर सोडून गेली नाही. ती त्याला वेळेवर ताट वाढायची, पण त्याच्याशी कामापुरतंच बोलायची आणि त्या घरात पालेभाजी पुन्हा कधी शिजली नाही.

आठव्या पावसाळ्यात एकही रोप आलं नाही. पाटलांनी स्वतः फिरून पाहिलं आणि म्हणाले, "सुटलास तू. जमीन स्वच्छ झाली."

गावाने त्या वाडीत माठ पेरायचं ठरवलं. माठ जोमाने आला, हिरवागार, कोवळा. सदोबाने तो खुडला, पान न् पान निवडलं, जुड्या बांधल्या आणि बाजारात मावशीच्या जागेवर नेऊन मांडल्या. माणसं आली, जुड्यांकडे पाहून पुढे गेली. संध्याकाळी बाजार उठला तेव्हा सगळा माठ कोमेजून तिथेच पडला होता.

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: तण असो वा आपली चूक, कोवळी असतानाच मुळासकट काढावी; दुसऱ्याच्या वाफ्यात टाकलेलं बी कुणाच्या ताटात उगवेल, ते टाकणाऱ्याच्या हाती राहत नाही.